खोक्यावरचे साल

साहित्य शिकवणाऱ्यांनी वाफेच्या इंजिनाच्या प्रतिकृतीवर मत द्यावे, हा अनधिकार आहे असे कोणी म्हटल्यास आमची हरकत नाही. मात्र तो आम्ही आपण होऊन केलेला नाही. आमच्या महाविद्यालयातून भौतिकशास्त्राचे एक ज्येष्ठ प्राध्यापक काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले. सारे त्यांना नुसते ‘सर’ म्हणतात. आगगाड्यांच्या प्रतिकृती जमवणे हा त्यांचा जुना छंद. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे जे संग्रहालय १९९८ पासून आहे, तेथे ते आपल्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे नेत असत. गेल्या दिवाळीत इंग्लंडमध्ये राहणाऱ्या त्यांच्या मुलीने त्यांना एक नवे इंजिन आणून दिले. ते टेबलावर ठेवून त्यांनी आम्हा दोघांना बोलावले आणि विचारले, “एम.ए.च्या मुलांना पाठचिकित्सा तुम्हीच शिकवता ना? मग हे कितपत अस्सल आहे ते सांगा.” आम्हाला रेल्वेतले काही कळत नाही, असे आम्ही प्रामाणिकपणे सांगितले. त्यावर ते म्हणाले, “मला कळतं, पण मला ते आवडलंय. आवडलेल्या वस्तूची परीक्षा दुसऱ्यानं करावी.”

समीक्षेच्या तासाला आम्ही हेच निराळ्या शब्दांत सांगत असतो. त्यामुळे नकार देण्याचा मार्ग खुंटला. सरांनी जवळची छायाचित्रांची पुस्तके दिली, प्रयोगशाळेतून व्हर्निअर कॅलिपर मागवला, आणि तीन रविवार आम्ही त्या इंजिनापाशी बसलो. त्या तीन रविवारांतून जे हाती लागले ते येथे मांडतो आहोत. बनवणाऱ्या कंपनीचे नाव देत नाही. या वस्तूच्या निमित्ताने अचूकपणाविषयी जो प्रश्न पडला, त्याच्याशी त्या नावाचा संबंध नाही.

प्रतिकृती ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या इंजिनाची आहे. हे नाव मुळात लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून सकाळी दहाला एडिंबरोकडे सुटणाऱ्या गाडीचे. पुढे ते या एका इंजिनालाही मिळाले आणि लोकांच्या मनात गाडी व इंजिन एकच होऊन बसले. नायजेल ग्रेस्ली यांच्या आराखड्यावरून डॉनकॅस्टरच्या कारखान्यात हे इंजिन फेब्रुवारी १९२३ मध्ये तयार झाले. एडिंबरोपर्यंतचे ३९२ मैल कोठेही न थांबता जाणाऱ्या सेवेची पहिली गाडी १ मे १९२८ रोजी याच इंजिनाने ओढली, आणि ३० नोव्हेंबर १९३४ रोजी ताशी १०० मैलांचा वेग यानेच गाठला. या घराण्याची एकूण ७९ इंजिने झाली. त्यांपैकी आज हे एकटे उरले आहे. २००४ पासून ते यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या मालकीचे आहे. २०२३ साली त्याला शंभर वर्षे झाली आणि त्या निमित्ताने नव्या प्रतिकृती बाजारात आल्या. सरांच्या टेबलावरची त्यांपैकीच एक.

प्रथम मापे पाहू. ब्रिटनमध्ये सर्वाधिक रूढ असलेल्या प्रमाणात मुळातल्या एका फुटाला प्रतिकृतीत चार मिलिमीटर धरतात, म्हणजे ७६.२ ला १. खऱ्या इंजिनाची मोठी चाके ६ फूट ८ इंच व्यासाची आहेत. या हिशेबाने प्रतिकृतीचे चाक २६.७ मिलिमीटरांचे हवे. आम्हाला ते २६.३ भरले. ही चार दशांशाची तूट निष्काळजीपणाची नाही. छोट्या रुळांवर चाक टिकावे म्हणून त्याची कड प्रमाणाबाहेर मोठी ठेवावी लागते, आणि त्या कडांना जागा मिळावी म्हणून चाक किंचित लहान केले जाते. बॉयलर मागच्या बाजूला रुंद होत जातो तो उतार, पायफळीची वळणे, धुराड्याची ओठासारखी कड, सारे छायाचित्रांशी ताडून पाहिले. इंजिनाचा चेहरा साधला आहे. बॉयलरच्या बाजूचा धरायचा दांडा साच्यात ओतलेला नसून बारीक तारेचा वेगळा बसवलेला आहे. त्याखाली नख जाते. सरांना याचे फार कौतुक.

आता त्रुटी. पहिली त्रुटी इतकी मोठी आहे की ती दिसतच नाही. हे इंजिन ज्या रुळांवर उभे आहे त्यांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर आहे. खऱ्या रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर, म्हणजे ४ फूट साडेआठ इंच. प्रमाणाने ते १८.८३ मिलिमीटर व्हायला हवे. साडेसोळाला ७६.२ ने गुणले तर १२५७ मिलिमीटर येतात. म्हणजे या जगात इंजिन बरोबर आहे, पण त्याखालचा लोहमार्ग सात इंचांनी अरुंद आहे. याचे कारण ऐतिहासिक आहे. साडेसोळा मिलिमीटरांचे रूळ मुळात एका फुटाला साडेतीन मिलिमीटर या प्रमाणासाठी बेतलेले होते. ब्रिटिश इंजिने युरोपातल्या इंजिनांहून अंगाने लहान. साडेतीनच्या प्रमाणात त्यांच्या पोटात त्या काळची विजेची मोटर मावेना. तेव्हा रूळ तेच ठेवून इंजिन तेवढे मोठे केले गेले. १९३८ साली बाजारात आलेल्या ‘हॉर्न्बी डब्लो’ने ही तडजोड घराघरांत नेली आणि मोटरी लहान झाल्यावरही ती टिकून राहिली. आपल्याकडच्या हौशी मंडळींनाही ही अडचण आहे. आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरांचा. साडेतीनच्या प्रमाणातही तो साडेसोळांत बसत नाही आणि आपली इंजिने त्या रुळांवर आखडून उभी राहिल्यासारखी दिसतात.

दुसरी त्रुटी पत्र्याच्या जाडीची. चालकाच्या खोलीची भिंत प्रतिकृतीत पाऊण मिलिमीटर जाड भरली. मुळाच्या मापात ती सव्वादोन इंच होते. खरा पत्रा काही मिलिमीटरांचाच असतो, पण त्या हिशेबाने प्लास्टिक ओतले तर हात लागताच भिंत मोडेल. तिसरी त्रुटी सर्वांत मागच्या छोट्या चाकांची. त्यांना कडच नाही, ती रुळांवर नुसती तरंगतात. दिवाणखान्यातली वळणे आवळ असतात. पावणेदोन हातांच्या वर्तुळात फिरायचे, तर सत्तर फुटांच्या इंजिनाला कोठेतरी वाकावे लागणारच.

या तिन्ही गोष्टींना चूक म्हणायचे का? येथे आम्हाला आमच्या शास्त्राचा आधार सापडला. रससूत्रावर भाष्य करताना शंकुकाने वापरलेला चित्रतुरगन्याय साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. चित्रातला घोडा पाहताना होणारी प्रतीती खऱ्या ज्ञानाची नसते, खोट्याचीही नसते. ती संशय नव्हे आणि नुसते सादृश्यही नव्हे. ती या चारींहून वेगळी असते. चित्रातल्या घोड्याला जाडी नाही म्हणून कोणी चित्रकाराला दोष देत नाही. ती माध्यमाची अट आहे आणि पाहणाऱ्याने ती पाहण्यापूर्वीच मान्य केलेली असते. साडेसोळा मिलिमीटरांचे रूळ ही तशीच मान्य अट. नाटकात राजा मराठीत बोलतो, आणि तो मुळात कोणती भाषा बोलत होता असे आपण तिकीट परत मागून विचारत नाही. मात्र चित्रातल्या घोड्याला बैलाचे खूर काढले, तर माध्यमाची ढाल चालणार नाही. तो चित्रकाराच्या ज्ञानाचा दोष होय. प्रतिकृतीच्या परीक्षकाचे पहिले काम हे दोन प्रकारचे अंतर वेगळे करणे. माध्यमाने लादलेले अंतर एका पारड्यात, अज्ञानाने वा बेपर्वाईने आलेले दुसऱ्यात.

या छंदाच्या जगात बारकावे तपासणाऱ्यांना ‘रिव्हेट मोजणारे’ म्हणून हिणवतात, हे सरांनी आम्हाला सांगितले. अर्धा इंच व्यासाच्या रिव्हेटचे डोके या प्रमाणात मिलिमीटराच्या सहाव्या हिश्शाएवढे होते. ते मोजत बसणाऱ्याला आनंद घेता येत नाही, असा आरोप असतो. हा आरोप आमच्या ओळखीचा आहे. हस्तलिखितांतले पाठभेद नोंदवणाऱ्यांना ‘वेलांट्या मोजणारे’ म्हणणारी रसिक मंडळी आमच्याही क्षेत्रात आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. विष्णु सीताराम सुकथनकरांसारख्या विद्वानाने त्यात आयुष्याची अठरा वर्षे घातली. ते वेलांट्या मोजत होते हे खरेच, पण ती मोजणी एका प्रश्नासाठी होती: हा पाठ कोणत्या शाखेतून, कोणत्या काळातून आला? वेलांटी हा तेथे साक्षीदार असतो. रिव्हेटही तसाच साक्षीदार होऊ शकतो. नुसत्या संख्येसाठी मोजला तर तो अलंकार, काळ ठरवण्यासाठी मोजला तर पुरावा.

म्हणून दुसऱ्या रविवारी आम्ही अचूकपणाचा प्रश्न बाजूला ठेवून प्रतिकृतीचा काळ ठरवायला घेतला. हस्तलिखित हाती आल्यावर पुष्पिकेवर विश्वास न ठेवता आधी अंतर्गत पुरावा पाहावा, हा आमचा रिवाज. येथे पुष्पिका म्हणजे खोके. खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘१९२३’ छापले आहे. ते झाकून आम्ही इंजिनाकडे वळलो.

पहिला पुरावा नावाचा. चाकाच्या वरच्या कमानीवर ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ अशी पितळी रंगाची पाटी आहे आणि क्रमांक आहे ४४७२. खरे इंजिन १९२३ मध्ये कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा त्याचा क्रमांक १४७२ होता आणि त्याला नावच नव्हते. वेम्बलीच्या साम्राज्य प्रदर्शनात मांडायचे ठरल्यावर १९२४ च्या आरंभी त्याला नाव मिळाले आणि क्रमांकही बदलला. म्हणजे प्रतिकृतीची पूर्वमर्यादा १९२४.

दुसरा पुरावा क्रमांकाच्या जागेचा. प्रतिकृतीत तो चालकाच्या खोलीच्या भिंतीवर आहे. या कंपनीच्या इंजिनांचे क्रमांक आरंभीच्या काळात मागच्या टेंडरवर, म्हणजे कोळसा-पाण्याच्या गाड्यावर, रंगवलेले असत. पण कारखान्यात टेंडरांची अदलाबदल होई आणि एका इंजिनाचा क्रमांक दुसऱ्याच्या मागे फिरू लागे. म्हणून १९२० च्या दशकाच्या अखेरीस क्रमांक इंजिनावर आणला गेला. पोथीचे शेवटचे पान दुसऱ्या पोथीला जोडले गेले की कर्ता बदलतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या निर्णयाचे महत्त्व सांगायला नको.

तिसरा आणि निर्णायक पुरावा टेंडरचाच. त्याच्या मागच्या टोकाला डब्यांना जोडणारा भाता आहे आणि आत जाण्याचे दार आहे. हे कॉरिडॉर टेंडर. ३९२ मैल न थांबता जायचे तर चालक आणि फायरमन वाटेत बदलले पाहिजेत. त्यासाठी टेंडरच्या एका कडेने पाच फूट उंच आणि दीड फूट रुंद असा बोळ काढण्यात आला, ज्यातून वाकून, अंग चोरून, दुसरी जोडी डब्यातून इंजिनावर येई. हे टेंडर या इंजिनाला १९२८ साली लागले आणि १९३६ साली काढले गेले. पुढे १९६३ नंतर, जतन झाल्यावर, तशा प्रकारचे टेंडर त्याला पुन्हा मिळाले.

मग प्रतिकृती १९६३ नंतरची तर नव्हे? येथे चौथा पुरावा बोलतो. जानेवारी १९४७ मध्ये या इंजिनाचे रूपांतर ए-१ वर्गातून ए-३ वर्गात झाले. बॉयलरचा दाब दर चौरस इंचाला १८० वरून २२० पौंडांवर गेला आणि मोठ्या सुपरहीटरमुळे धुराड्याखालच्या कोठ्याच्या दोन्ही बाजूंना कानासारखी दोन झाकणे आली. प्रतिकृतीच्या चेहऱ्यावर ते कान नाहीत. दुहेरी धुराडे १९५९ चे, बाजूचे धूररोधक पत्रे १९६१ चे. तेही नाहीत. म्हणजे उत्तरमर्यादा १९३६.

चारही साक्षी एकमेकांना दुजोरा देतात. ही प्रतिकृती १९२८ ते १९३६ या आठ वर्षांतल्या इंजिनाची आहे आणि त्या काळाशी ती एकनिष्ठ आहे. आम्ही दोष शोधायला बसलो होतो. कारागिरांनी एका काळाशी इमान राखलेले पाहून, खरे सांगायचे तर, आमचा थोडा हिरमोड झाला आणि मग आनंदही झाला. जतन केलेल्या इंजिनावर लेसर फिरवून मापे घ्यायची सोपी वाट हल्ली उपलब्ध आहे. पण लेसर आजचे इंजिन मोजतो. त्याला १९२८ दिसत नाही. कोठे लेसरचे ऐकायचे आणि कोठे जुन्या आराखड्याचे व तारीख असलेल्या छायाचित्राचे, हा निवाडा माणसालाच करावा लागतो. येथे तो केलेला दिसतो.

मग आम्ही खोक्यावरचा हात काढला. ‘१९२३’.

सारी चूक तेथे आहे. वस्तू खरी आणि तिचे शीर्षक खोटे. आमच्यापैकी एकाचे म्हणणे पडले की यात एवढे काय बिघडले? खोके अडगळीत जाते, इंजिन मांडणीवर राहते. शताब्दी १९२३ ची आहे, लोकांना तेच साल हवे, व्यापाऱ्याने ते छापले. दुसऱ्याला हे पटले नाही. तिचे म्हणणे असे की आकार डोळ्यांनी तपासता येतो, साल तपासता येत नाही. ज्या गोष्टीची शहानिशा वाचक स्वतः करू शकत नाही, तिच्याबाबत सांगणाऱ्याची जबाबदारी सर्वांत मोठी. या खोक्याने एक निनावी इंजिन इतिहासातून पुसले आहे. १४७२ क्रमांकाचे, कोणाला ठाऊक नसलेले, कारखान्यातून निघून कामाला लागलेले ते इंजिन वर्षभर नावाशिवाय धावले. कीर्ती नंतर आली. खोके सांगते की ती जन्मापासून होती.

हा वाद चालू असता आमच्यापैकी एकाला आपलाच एक तास आठवला. तो येथे सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात ज्ञानेश्वरीची भाषा शिकवताना फळ्यावर ‘शके १२१२, इ.स. १२९०’ असे लिहून, हातातल्या छापील प्रतीतली रूपे तेराव्या शतकातली मराठी म्हणून दाखवली जात होती. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण एकनाथांनी ही प्रत शुद्ध केली ना? मग हे रूप ज्ञानेश्वरांचं की नाथांच्या वेळचं?” प्रश्न रास्त होता. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली. मध्ये जवळजवळ तीनशे वर्षे गेली होती. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत छापली, तिच्यावरचा वाद अभ्यासक्रमातच होता. तरीही “त्यात आत्ता शिरायला नको, परीक्षेला ते येत नाही” असे उत्तर दिले गेले. मुलीने मान हलवली आणि वहीत १२९० हे साल लिहून घेतले.

खोक्यावर १९२३ छापणाऱ्यापेक्षा ते वर्तन वेगळे कसे? आम्हीही एका काळाची वस्तू हातात धरून तिच्यावर दुसऱ्या, अधिक तेजस्वी काळाची चिठ्ठी डकवली होती. एकनाथांची प्रत ही काही कमअस्सल वस्तू नव्हे. ती मोठ्या श्रमाने आणि श्रद्धेने सिद्ध झालेली आहे, आणि तिचे साल तिच्यावर घातल्याने तिची प्रतिष्ठा उणावत नाही. तसेच १९२८ चे इंजिनही १९२३ च्या इंजिनाहून हलके नाही. उलट त्याच्या सर्वांत मोठ्या पराक्रमाचे ते रूप आहे. व्यापारी असो वा अध्यापक, मूळारंभाचे साल लावल्याशिवाय गिऱ्हाईक वस्तू घेणार नाही असे आपण गृहीत धरतो आणि वस्तूच्या खऱ्या गुणावरच अविश्वास दाखवतो.

येथे कोणी विचारील की ज्याच्याशी ही तुलना चालली आहे ते मूळ इंजिन तरी एका काळाचे आहे काय? नाही. १९६३ साली सेवेतून निघाल्यावर ॲलन पेग्लर यांनी ते विकत घेतले आणि पुन्हा हिरवा रंग देऊन त्यावर ४४७२ हा जुना क्रमांक घातला. पण बॉयलर ए-३ वर्गाचा राहिला. ए-३ असताना त्याने हा क्रमांक सेवेत कधीच लावला नव्हता, कारण १९४६ सालीच क्रमांक बदलला होता. म्हणजे जतन झालेले पहिले रूप पूर्वी कधीही अस्तित्वात नसलेले होते. पुढे १९६९ साली अमेरिकेच्या दौऱ्यासाठी त्याला घंटा लागली. तो दौरा पेग्लर यांना दिवाळखोरीत घेऊन गेला. नंतर ऑस्ट्रेलिया झाली, मधली कित्येक वर्षे ए-४ या दुसऱ्याच वर्गाचा बॉयलर झाला, आणि दहा वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१६ साली ते परतले तेव्हा ६०१०३ या क्रमांकाने, दुहेरी धुराड्यानिशी. आमच्या भाषेत ही संमिश्र संहिता आहे. पण चालत्या इंजिनाला जगायचे असते. पोथी वापरात असली की तिच्यावर हात फिरतात, समासातले मजकुरात येते. वापरातली संहिता बदलते हा तिचा दोष नव्हे, जिवंतपणाचे ते लक्षण आहे. प्रतिकृतीला मात्र जगायचे नसते. एका क्षणी मूळ कसे होते हे सांगणे, एवढ्याचसाठी ती बनते. म्हणून तारखेची जबाबदारी मुळापेक्षा प्रतिकृतीवर अधिक आहे.

तिसऱ्या रविवारी आम्ही आमचा निर्णय सरांना ऐकवला. माध्यमाच्या तडजोडी मान्य, चेहरा उत्तम, तपशील काळाशी सुसंगत, खोक्यावरचे साल अमान्य. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग इंजिन हातात घेऊन चालकाची खोली आणि टेंडर यांच्यामधल्या फटीवर बोट ठेवले. “ही मोजली का?” आम्ही मोजली नव्हती. सहा मिलिमीटर भरली, म्हणजे दीड फूट. “माझे वडील भुसावळला फायरमन होते,” ते म्हणाले. “टेंडरमधून कोळसा घ्यायचा, वळायचं, भट्टीत टाकायचा. इंजिन हलत असतं. पायाखाली दोन्हींच्या मधे लोखंडी पत्रा असतो. ह्या फटीतून ते पहिल्याच दिवशी खाली गेले असते.”

आम्ही तीन आठवडे ते इंजिन पाहत होतो. नाव, क्रमांक, टेंडर, कान, सारे साक्षीदार आम्ही उभे केले. तेथे कोणी उभे राहून काम करत असे, हे आमच्या तपासात आलेच नाही. त्या बोळातून वाकून येणाऱ्या माणसांविषयी आम्ही वर लिहिले, पण ती येऊन कोठे पाय ठेवत, हे पाहिले नाही. ज्याच्या घरात ते काम झाले होते त्याची नजर थेट तेथे गेली.

ही फटदेखील माध्यमाची तडजोड आहे. आवळ वळणावर इंजिन आणि टेंडर एकमेकांना घासू नयेत म्हणून ती ठेवतात. परंतु बनवणाऱ्यांनी येथे एक सुजाण गोष्ट केली आहे. दोन्हींना जोडणाऱ्या पट्टीला दोन भोके आहेत. एक वळणावर धावणाऱ्यांसाठी, दुसरे नुसते मांडून ठेवणाऱ्यांसाठी. मागच्या कड नसलेल्या चाकांच्या ऐवजी बसवायची कड असलेली जोडीही खोक्यातल्या एका पुडीत होती. चिकित्सक आवृत्तीत मुख्य पाठाखाली तळटीपेत पाठभेद द्यावेत आणि निवड वाचकावर सोपवावी, तसेच हे. सरांनी छोट्या स्क्रूड्रायव्हरने पट्टी दुसऱ्या भोकात अडकवली. फट निम्म्याहून कमी झाली. खोलीतून टेंडरवर गेलेला इवलासा पत्रा आता टेंडरला टेकला. “आता बरं आहे,” ते म्हणाले.

प्रतिकृतीचा अचूकपणा कशात मोजावा, या प्रश्नाचे आमचे उत्तर आता असे आहे. तिने आपल्या माध्यमाच्या मर्यादा लपवू नयेत. तिने एक काळ निवडावा आणि त्या काळाशी शेवटच्या रिव्हेटपर्यंत एकनिष्ठ राहावे. जो काळ निवडला त्याचेच साल स्वतःवर लिहावे, मग ते कमी विकले जाणारे असले तरी. आणि परीक्षकाने निर्णय देण्यापूर्वी, त्या वस्तूपाशी ज्याने काम केले त्याला, किंवा त्याच्या मुलाला, एकदा विचारावे.

सरांनी खोके टाकून दिलेले नाही. ‘१९२३’ या सोनेरी आकड्यांखाली त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरांत ‘१९२८–३६’ असे लिहिले आहे. आम्हीही यंदाच्या सत्राच्या पहिल्या तासाला फळ्यावर शके १२१२ लिहिले आणि त्याच्या शेजारी शके १५०६. पूर्वी प्रश्न विचारणारी ती विद्यार्थिनी आता कोठे आहे, ते शोधून तिला हे कळवायचे अजून राहिले आहे.